फळीचं दुसरं टोक

पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटलं, पंखा एकवर आणावासा वाटला, की मला राग यायला लागतो. इतरांना या दिवसांत बरंच काही होतं म्हणे. कुणाला डिंकाचे लाडू आठवतात, कुणी स्वेटर काढून उन्हात टाकतं, आमच्या सोसायटीतली मंडळी नवे बूट घालून सिंहगडाच्या गप्पा मारतात आणि चौकातल्या टपरीपर्यंत जाऊन परत येतात. मला राग येतो. पाऊस जाऊन बरेच दिवस झालेले असतात, धरण काठोकाठ भरलेलं असतं, गाळ खाली बसलेला असतो, आणि पाणी नुसतं उभं असतं. ते बघायला मला तिथे जावं लागत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येणाऱ्या हवेवरून कळतं.

खाली पार्किंगमध्ये माझी छोटी गाडी आहे. तिच्या टपावर अजून दोन आडव्या दांड्या आहेत. परवा देशपांडे म्हणाले, "आता त्या काढून टाका की. उगीच हवा अडते, पेट्रोल जास्त जातं." देशपांडे तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि सोसायटीतल्या प्रत्येक गाडीच्या पेट्रोलची काळजी वाहतात. मी म्हटलं, "असू देत. कपडे वाळत घालीन."

या दांड्यांवर माझी आणि नलूची फळी असायची. पॅडलबोर्ड म्हणतात तिला. लांबलचक, रुंद, पाण्यावर तरंगणारी; तिच्यावर उभं राहायचं आणि वल्हं मारत पुढे जायचं. आम्ही दोघी तिला फळीच म्हणायचो. नलू आणि मी टेलिफोन खात्यात एकदमच लागलो. सुरुवातीला कानाला हेडफोन लावून शेजारी शेजारी ट्रंक कॉल जोडायचो. पुढे यंत्रं आली, आम्हाला टेबलांवर बसवलं, तीही शेजारी शेजारीच. तिचे यजमान गेल्यावर ती आमच्या सोसायटीत, समोरच्या इमारतीत राहायला आली. मी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, काही अष्टविनायकाच्या बसमध्ये बसल्या. आम्ही एका रविवारी खडकवासल्याला भुट्टा खात उभ्या होतो आणि एक मुलगी पाण्यावरून चालत गेल्यासारखी समोरून गेली. नलू म्हणाली, "विजू, हे आपल्याला बसून करता येईल का?"

दुकानदाराने आधी हवा भरायची फळी दाखवली. हलकी, घडी घालून पाठीवरच्या पिशवीत मावणारी. आमच्याकडे बघून त्याने मुद्दाम तीच पुढे केली असणार. नलूने ती वांगं दाबून बघावं तशी अंगठ्याने दाबली.

"पंक्चर झाली तर?"

"होत नाही, काकू."

"पण झाली तर?"

त्याने ती बाजूला ठेवली. आम्ही दोघी अशा घरांत वाढलो, जिथे पाण्याचं पिंप घेतानासुद्धा पुढच्या पिढीचा विचार होतो. वस्तू एकदाच घ्यायची आणि दणकट घ्यायची. तर साठी उलटलेल्या आम्ही दोघींनी, आम्ही गेल्यावरही टिकेल अशी भरीव, जाडजूड फळी निवडली आणि घरी येताना स्वतःच्या चाणाक्षपणावर खूश झालो. दुकानदार म्हणाला होता, "वजनाला जरा जास्त आहे हां." आम्ही एकेक टोक धरून उचलून पाहिली होती. सहज उचलली गेली. पुढेही दोघीच असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. ते तपासून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या थंडीत आम्ही सारख्या जायचो. उजाडायच्या आत खाली. पार्किंगमध्ये दुधाच्या क्रेटचा आवाज, फरशीचा गारवा चपलेतून वर येणारा, नलूच्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास. ती पुढचं टोक धरायची, मी मागचं. माझा उजवा खांदा तेव्हाही कुरकुरत होता, म्हणून उंच न्यायचं काम तिचं. ती म्हणायची, "जोडते." ट्रंक कॉल लागला की आम्ही म्हणायचो तेच. 'जोडते' म्हटलं की दोघींनी एकदम उचलायचं. फळी आपोआप टपावर जायची. कुणी किती वजन घेतलं हे आम्हाला कधी कळलंच नाही.

पानशेतच्या रस्त्याला, धरणाच्या मागच्या पाण्याला लागून एका बाईंचं शेत आहे. त्यांच्या बांधावरून आम्ही पाण्यात उतरायचो. एकदा वाटलं, दर वेळी चढवा-उतरवा कशाला, इथेच ठेवू. पुढच्या खेपेला गेलो तर फळीवर लाल मिरच्या पसरलेल्या. "सपाट हाय, उनात हाय, म्हणून टाकल्या वाळत," बाई म्हणाल्या. "तुमी काय रोज येताय व्हय?" त्यांचं काही चूक नव्हतं. पण नंतर कितीतरी दिवस फळीवर बसलं की मांड्या चुरचुरायच्या. आम्ही ती परत घरी आणली.

उभं राहणं आम्हाला कधी जमलं नाही. मी पुढे, नलू मागे, पाय दोन्हीकडे सोडून बसायचो. पाणी आधी बोचायचं, मग पायांना ऊबदार वाटायला लागायचं. वर धुकं, आणि त्यात कुठेतरी एखादा पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. वल्हं एकच होतं. दमले की मी हात मागे करायचे, न बघता, आणि ते घेतलं जायचं. ऑफिसात दिवसभर बोलणारी नलू पाण्यावर गप्प असायची. एकदा मध्यावर आल्यावर म्हणाली, "विजू, आत्ता माझ्याकडे कुणी काही मागत नाहीये." एवढंच. मी वळून पाहिलं नाही, कारण वळलं की फळी डुचमळते. पण तिचा आवाज मला चांगला ओळखता येतो. इतका हलका आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या मुलीला, ऋताला, मुलगी झाली. ऋता आणि जावई खराडीला राहतात, दोघेही तिथल्याच कंपन्यांत. नलू तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. तीन महिने झाले तेव्हा ऋताची रजा संपत आली होती. मग बाळाला दात येत होते. मग सांभाळणारी बाई मिळेना. मिळाली, तर तिच्यावर लक्ष ठेवायला घरचं माणूस हवं. सिंहगड रस्त्यावरून खराडीला जायचं म्हणजे स्वारगेटला उतरून दुसरी बस धरायची आणि मग पुलांखालच्या गर्दीत बसून राहायचं. तेवढ्या वेळात माणूस साताऱ्याला पोचतं. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा नलू मांडीवर बाळ घेऊन माझ्याशी कुजबुजत बोलली. ते झोपलं होतं.

नवरा गेला तर लोक भेटायला येतात. मुलगा परदेशी गेला तर लिफ्टमध्ये चौकशी करतात. नलू खराडीला गेली तेव्हा देशपांडे मला म्हणाले, "बरं झालं, नातीत रमतील आता." मीही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मुलीच्या हाकेला आई धावते तेव्हा जग हळवं होतं, आणि त्यात मैत्रिणीने तोंड घातलं की ती स्वार्थी ठरते. चाळीस वर्षं शेजारी बसलेल्या बाईचा तुमच्यावर काडीचा हक्क नसतो. हक्क सगळा रक्ताच्या माणसांचा. कालपरवा जन्मलेलं पोरसुद्धा रांगेत तुमच्या पुढे असतं. हे मी बाळाला दोष देऊन म्हणत नाही. थोडा देऊनही म्हणते.

एकदाच विचारलं मी तिला फोनवर. "एक सकाळ ये. शनिवारी दोघं घरी असतात ना?"

"अगं, आठवडाभर दमतात बिचारे," ती म्हणाली. "शनिवारी जरा उशिरापर्यंत झोपतात."

त्या थंडीत मी फळी एकटीने चढवायला शिकले. पंखा एकवर आला की आठवते ती हीच थंडी.

तोवर माझा खांदा पार आखडला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. मागे वेणी घालता येईना म्हणून केस कापून टाकले होते. बोटांना सकाळी सूज असायची, डब्याचं झाकण उघडायला फडकं लागायचं. फळीच्या मध्ये एक खाच असते, तिच्यात बोटं घालून ती काखेत धरून न्यायची, असं ते तरुण लोक करतात. माझा हात त्या खाचेपर्यंत पोचतच नव्हता. वॉचमनला सांगावं, तर नोटीस बोर्डावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, की सुरक्षारक्षकास वैयक्तिक कामे सांगू नयेत. ती नोटीस मी सेक्रेटरी असताना मीच लावली होती.

मग मी जमिनीपासून सुरुवात केली. फळीखाली जुनी सतरंजी घालून ती भिंतीपासून गाडीपर्यंत ओढत आणायची. गाडीच्या मागे उभं राहायचं. दुसरी सतरंजी मागच्या काचेवरून टपापर्यंत पसरायची. आता फळीचं फक्त पुढचं टोक उचलायचं, तेही छातीपर्यंतच, आणि सतरंजीवर टेकवायचं. हे झालं की अर्धं वजन गाडीने घेतलेलं असतं. मग मागच्या टोकाशी जायचं, गुडघ्यात वाकायचं, टोक पोटाशी धरायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठत पुढे ढकलायचं. हात वर न्यायचा नाही. खांद्याला कळू द्यायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी टोक टेकवून मी मागे जाईपर्यंत फळी तिरकी होऊन घसरली आणि गाडीचा आरसा घेऊन खाली आली. दुसऱ्या खेपेला माझ्या नडगीवर आली. काळंनिळं झालेलं ते टेंगूळ कितीतरी दिवस साडीखाली लपवलं. देशपांडे गॅलरीत दात घासत उभे असायचे. "मदत लागली तर सांगा हं," म्हणायचे. मी वर बघून "हो, नक्की" म्हणायचे. ते तोंड धुवायला आत जायचे. एकदा मी अर्ध्यावर अडकले, फळी पोटावर, ना पुढे जाते ना खाली ठेवता येते, आणि मला रडू आलं. वजनाचं नाही आलं. माझ्या तोंडून 'जोडते' निघालं होतं आणि फळी जागची हलली नव्हती, त्याचं आलं.

आणि मग एका सकाळी ती गेली. सतरंजीवरून सरसर वर गेली आणि दांड्यांवर बसली. मी गाडीला धरून उभी राहिले. धाप लागली होती, आणि मला इतका आनंद झाला की आजूबाजूला कुणी नव्हतं तरी मी हसले. खांद्याच्या नाकावर टिच्चून मी माझी वस्तू माझ्या गाडीवर चढवली होती. पट्टे बांधले. धायरीच्या पुढे गाडीने वेग घेतला की पट्टे गुणगुणतात, म्हणून त्यांना एकेक पीळ द्यायचा असतो, तोही दिला. त्या दिवशी पाण्यावर मी मध्यावर बसले, फळी समतोल राहावी म्हणून. दमले आणि सवयीने हात मागे केला. वल्हं पाण्यात पडलं. ते हाताने पाणी मारत मारत जाऊन परत आणलं.

पुढच्या वेळी मी फोन वॉचमनच्या खुर्चीवर टेकवून ठेवला आणि चढवण्याचं सगळं चित्रण केलं. सतरंजी, पुढचं टोक, मागचं टोक, आणि शेवटी मी टपावर थाप मारून कॅमेऱ्याकडे बघते आहे. नलूला पाठवलं. तिच्याकडून एक अंगठा आला आणि जोडलेले हात. मला वाटलं, बाळाच्या गडबडीत असेल.

थंडी सरता सरता नलूचा फोन आला. "आम्ही सगळे येतोय रविवारी. पाण्यावर जाऊ." मी आदल्या दिवशी फळी पुसली. दोन्ही लाइफ जॅकेट उन्हात टाकली. पोह्यांसाठी मटार सोलून ठेवले. मला लाज वाटावी इतकी मी खूश होते.

मोठ्या गाडीतून सगळे उतरले. नलू बारीक झाली होती. मी सतरंजी पसरायला घेतली तेवढ्यात जावई, कौस्तुभ, पुढे आला. "काकू, यू रिलॅक्स. मी करतो ना." त्याने खाचेत हात घातला, फळी डोक्यावर घेतली आणि माझ्या गाडीवर ठेवून दिली. मला सतरंजीची घडी घालायलाही वेळ मिळाला नाही. मी नलूकडे बघितलं. ती बाळाची टोपी बांधत होती.

काठावर गेल्यावर मी फळी पाण्यात लोटली, पुढे बसले आणि मागची जागा सोडली. "चल."

"नको गं," नलू म्हणाली. "पाणी गार आहे. मला सर्दी झाली तर बाळाला होईल."

"पाय वर घेऊन बस."

"नको, विजू. तू जा ना. मी बघते इथून."

मी गेले नाही. ऋता बसली, कौस्तुभ बसला, बाळाला मध्ये घेऊन फोटो निघाले. नलू चटईवर पाण्याच्या बाटल्या, डायपरची पिशवी आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली. मी तिच्या शेजारी बसले. आम्ही मटारच्या भावाबद्दल बोललो.

निघताना कौस्तुभ म्हणाला, "काकू, एक सजेस्ट करू? फळी आम्ही आमच्या गाडीवर डायरेक्ट खराडीलाच नेतो. आमचा ग्रुप वीकेंडला पवनेच्या धरणावर जातो, तिथे युज होईल. तुम्हाला या शोल्डरने हे सगळं लोड-अनलोड म्हणजे रिस्कच आहे. आई काळजी करत असतात. आणि तशीही अर्धी आईंचीच आहे ना." सगळं हसून, अदबीने. सभ्य मुलगा आहे तो. मला भांडायला जागाच ठेवली नाही त्याने.

मी म्हणू शकले असते, की मग तुमची अर्धी कापून न्या. तोंडावर आलं होतं. पण मी थांबले, कारण हे उत्तर नलूने द्यायचं होतं. तिला फक्त 'राहू दे रे' म्हणायचं होतं. तीन शब्द. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने बाळाचा एक मोजा काढला, पायाची माती झटकली, मोजा परत घातला. मग दुसऱ्या पायाचा काढला. तोवर फळी मोठ्या गाडीवर बांधून झाली होती. पट्ट्यांना पीळ दिलेला नव्हता. मी सांगितलं नाही. खराडीपर्यंत गुणगुणत जाऊ दे म्हटलं.

उन्हाळा गेला, पाऊस झाला, पुन्हा ही हवा आली. फळी मी मागू शकते. मागितली तर कौस्तुभ स्वतः आणून देईल, वर 'सॉरी काकू' म्हणेल. मी मागत नाही. खांद्याचं म्हणाल तर उत्तम चाललं आहे. फिजिओथेरपीची मुलगी परवा माझा हात कानापाशी नेत म्हणाली, "बघा, ताण बंद केला तर किती फरक पडला." फिरायला जा, असं तिने सुचवलं. मी चौकातल्या टपरीपर्यंत जाऊन परत येते.

गेल्या आठवड्यात दुपारी नलूचा फोन आला. "थंडी पडली का गं तिकडे?" जणू खराडीला वेगळी पडते. इकडचं तिकडचं झालं. बाळ चालायला लागलं. गुडघ्यांना नवीन तेल आणलं. फळीचं मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. गॅलरीत उभी आहे, भिंतीला टेकून. पवनेला एकदाच नेली. ग्रुपला ती फार जड वाटली, त्यांनी हवा भरायच्या घेतल्या.

मग माझ्याने राहवलं नाही. "त्या दिवशी तू बोलली का नाहीस, नलू?"

तिकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"तू मला तो व्हिडिओ पाठवला होतास," ती म्हणाली. "फळी चढवतानाचा. मी बाथरूममध्ये जाऊन बघितला. तुला एकटीला जमत होतं सगळं. शेवटी हसलीसपण. मला वाटलं, झालं. आता आपली तिथे गरज नाही."

"मग मी काय करायचं होतं?" माझा आवाज चढला. "वाट बघत बसायचं होतं? तू येणार होतीस?"

मला वाटलं ती 'हो' म्हणेल. इतक्या वर्षांत तिने माझं मन राखायला कितीतरी थापा मारल्या आहेत.

"नाही," नलू म्हणाली. "नसतेच आले. मला कुठलं जमतंय. पण विजू, माझ्यावाचून तुझं अडलंय, एवढं तरी मला राहिलं असतं. इथे काय, मी नसले तर पाळणाघर आहे."

मला तिचा भयंकर राग आला. स्वतः यायचं नाही आणि मी मात्र त्या फळीपाशी अडून बसायचं. हे तिला ऐकवणार होते. त्याच्या पाठोपाठ दुसरंही ओठांवर आलं होतं, की अगं, अडलं होतं. चढवायचं अडलं नाही, पण बाकी सगळं अडलं होतं. पाण्यात पडलेल्या वल्ह्याचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. यातलं आधी काय बोलावं ते ठरेना.

तेवढ्यात तिकडे बाळ उठलं. "ठेवते गं," म्हणत तिने फोन ठेवला.

मीही परत लावला नाही.